जी-फोर्स आणि ड्रायव्हरचं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेस पाहताना समालोचक "इथे पाच जी लागतात" असं म्हणून पुढच्या वळणाकडे वळतो, आणि आपणही मान डोलावतो. आकडा मोठा वाटतो, पण त्यातून नेमकं काय समजायचं ते कळत नाही. खालचे प्रश्न रेस पाहणारे, कार्टिंग करणारे आणि पहिल्यांदाच स्वतःची गाडी ट्रॅकवर नेणारे नेहमी विचारतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बल कोणत्या दिशेने लागलं, किती वेळ टिकलं आणि तेव्हा अंगाला कशाने धरून ठेवलं होतं, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ५ जी म्हणजे भयंकर की किरकोळ हे ठरवता येत नाही.

१ जी म्हणजे नक्की किती?

खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसावरही १ जी असतोच. ते त्याचं रोजचं वजन. मोजमापात सांगायचं तर दर सेकंदाला वेगात ९.८१ मीटर प्रति सेकंद इतका बदल. गाडी वेग वाढवते, कमी करते किंवा दिशा बदलते तेव्हा या नेहमीच्या वजनावर आणखी एक बल चढतं, आणि ते आपण १ जीच्या पटीत मोजतो.

म्हणजे शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असताना प्रवासी निवांत चहा पितो. तसंच ताशी ३०० च्या वेगाने सरळ जाणाऱ्या रेसकारमध्ये, हादरे सोडले तर, अंगावर जादा भार फारसा नसतो. खरा प्रकार सरळ रस्ता संपल्यावर सुरू होतो. ३०० वरून ८० वर यायचं असेल आणि ब्रेक सरासरी ४ जी देत असतील, तर सगळा खेळ साधारण दीड सेकंदात आणि ८० मीटरमध्ये आटोपतो.

वळणाचं गणितही सोपं आहे: वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घेतलंत तर ०.९ जीच्या थोडं वर लागतं. तेच वळण १२० ने घ्यायचं म्हटलं तर दुप्पट नाही, चौपट लागतं, जवळजवळ ३.८ जी. रस्त्यावरच्या टायरला ते पेलणार नाही; गाडी त्याआधीच सरळ बाहेर जाईल.

माझ्या गाडीत किती लागतो आणि फॉर्म्युला वनमध्ये किती?

रोजच्या शांत ड्रायव्हिंगमध्ये ब्रेक मारताना ०.२ ते ०.३ जी. समोर कुणी आडवं आलं आणि जीव खाऊन ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर ०.८ ते १ जी. चांगले टायर असलेली स्पोर्ट्स कार वळणावर १ जीच्या जरा पुढे जाते. त्यापुढे जायचं तर टायरची पकड वाढली पाहिजे, आणि ती वाढवायला गाडीवर वजन लादलं तर त्या वजनालाही वळवावं लागतं. यावर रेसिंगवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे डाउनफोर्स. पंख आणि गाडीचा तळ हवेकडून गाडीला खाली दाबून घेतात; पकड वाढते, वस्तुमान वाढत नाही. म्हणून फॉर्म्युला वनची गाडी जोरदार ब्रेकिंगला आणि वेगवान वळणांवर ५ जीच्या घरात जाते, कधी त्याहूनही वर. वेग वाढवताना मात्र आकडा २ जीच्या खालीच राहतो. त्या बाबतीत टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ छोट्या पट्टीवर धावणाऱ्या गाड्या, तिला कुठल्या कुठे मागे टाकतात: सुटतानाच ४ जीच्या वर, आणि शेवटी पॅराशूट उघडलं की जवळपास तितकाच झटका उलट दिशेने.

डाउनफोर्स वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे एक गंमत होते. प्रेक्षकाला अवघड वाटणारं हळू, अरुंद वळण मानेला सोपं जातं. ज्या लांब वळणावर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरून पाय फारसा उचलत नाही आणि टीव्हीवर काहीच घडताना दिसत नाही, तिथे मान मोडायची वेळ येते.

फायटर पायलट ९ जी सहन करतात. मग रेस ड्रायव्हरचं एवढं कौतुक कशाला?

ही तुलना सगळ्यात जास्त केली जाते आणि सगळ्यात निरुपयोगी आहे, कारण दोन्हीकडे बलाची दिशाच वेगळी. विमान वर खेचलं की बल डोक्याकडून पायांकडे लागतं. रक्त पायात आणि पोटात साठतं, मेंदूपर्यंत चढवायला हृदय अपुरं पडतं. आधी रंग फिके होतात, मग नजर कडेकडून आवळत जाते, मग अंधार आणि शेवटी शुद्ध जाते. तयारी नसलेल्या, अंग सैल सोडून बसलेल्या माणसाची शुद्ध ४ ते ६ जीच्या दरम्यान हरपू शकते. पायलट पाय आणि पोट आवळणारा जी-सूट घालतात, स्नायू ताणून ठराविक पद्धतीने श्वास घेतात, म्हणून ९ जीपर्यंत टिकतात.

गाडीत बल मुख्यतः आडवं किंवा पुढे-मागे लागतं. हृदय आणि मेंदू यांच्यातलं उभं अंतर त्यात फारसं आड येत नाही, शिवाय फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हर जवळजवळ आडवा पडून, पाय वर करून बसतो. रक्त उतरण्याचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. किंमत मोजावी लागते ती मानेला, पाठीला, बरगड्यांना आणि श्वासाला. पायलटची कसरत काही सेकंदांची असते. ड्रायव्हर तेच वळण दर दीड मिनिटाने, दीड तास घेत राहतो. कोण जास्त कणखर हा वाद हवा त्याने घालावा.

म्हणजे गाडीत भोवळ येऊच शकत नाही?

येऊ शकते, आणि एकदा त्यामुळे अख्खी रेस रद्द झाली आहे. एप्रिल २००१ मध्ये कार्ट (CART) या अमेरिकी रेसिंग मालिकेच्या गाड्या टेक्सास मोटर स्पीडवेवर उतरल्या. हा ट्रॅक अंडाकृती, दीड मैलांचा, आणि वळणं तब्बल २४ अंशांनी कललेली. गाड्या ताशी २३० मैलांच्या, म्हणजे ३७० किलोमीटरच्या पुढे जात होत्या. एक फेरी २२-२३ सेकंदांची, आणि त्यातला बहुतेक वेळ वळणातच.

रस्ता कललेला असला की आडव्या बलाचा एक हिस्सा डोक्याकडून पायांकडे वळतो. म्हणजे ड्रायव्हरला आडवा जी तर होताच, वर पायलटसारखा उभाही, एकत्रित ५ जीच्या वर, आणि सावरायला सरळ रस्ता मिळायचा तो जेमतेम काही सेकंद. सरावानंतर ड्रायव्हर गाडीतून उतरले ते लडखडत. कुणाला सरळ चालता येईना, कुणाला दिसण्यात अडचण, कुणाला आपण वळणात आहोत की सरळ रस्त्यावर हेच उमगेना. वैद्यकीय प्रमुख डॉ. स्टीव्ह ऑल्वी यांनी विचारपूस केली तेव्हा २५ पैकी २१ जणांनी चक्कर किंवा भ्रमासारखा त्रास झाल्याचं सांगितलं. प्रेक्षक जमलेले असताना, रेसच्या दिवशी, २९ एप्रिलला, शर्यत रद्द करण्यात आली. यातल्या कुणालाही ५ जी नवे नव्हते. नवी होती ती दिशा आणि तो लांबलेला वेळ.

सगळे मानेचंच का बोलतात?

कारण बाकीचं शरीर सीटने आणि पट्ट्यांनी जखडलेलं असतं. डोकं तेवढं मोकळं. डोकं साधारण ५ किलोचं, वर हेल्मेट दीड किलोच्या आतबाहेर. ५ जीच्या वळणात मानेला साधारण ३२ किलो आडवे तोलून धरावे लागतात, तेही लटकून, तरफेच्या टोकावर असल्यासारखे. शिवाय नुसतं तोलून भागत नाही. डोळे पुढच्या टप्प्यावर खिळलेले हवेत, डोकं हललं तर नजर हलते.

गाडी उजवीकडे वळली की डोकं डावीकडे जाऊ पाहतं, आणि त्याला रोखतात मानेच्या उजव्या बाजूचे स्नायू. बहुतेक सर्किट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात, त्यामुळे ड्रायव्हरची उजवी बाजू तयार असते. मग ब्राझीलचं इंटरलागोस किंवा इस्तंबूलसारखं उलट्या दिशेचं सर्किट आलं की डावी बाजू कुरकुरायला लागते. इस्तंबूलचं आठवं वळण तर प्रसिद्धच आहे: एकच लांबलचक डावं वळण, संपता संपत नाही. शेवटच्या फेऱ्यांमध्ये कॉकपिटमधला कॅमेरा लक्ष देऊन पाहा. सुरुवातीला सरळ उभं असलेलं हेल्मेट वळणात शिरल्याबरोबर बाजूच्या उशीला टेकलेलं दिसतं. थकलेल्या मानेची ती कबुलीच म्हणायची. टेकल्यावर आराम मिळतो, पण गाडीचा प्रत्येक हादरा थेट कवटीत शिरतो आणि समोरचं दृश्य थरथरायला लागतं.

ब्रेकिंगचं दुखणं वेगळं. तिथे हनुवटी छातीकडे ओढली जाते, म्हणजे मानेची मागची बाजू कामाला लागते. नवखा ड्रायव्हर पहिल्या दिवशी ब्रेक मारताना स्वतःचं स्टीअरिंग पाहत असतो, कारण मान वर राहतच नाही.

श्वास आणि हृदयाचं काय होतं?

वेगवान वळणात बरगड्या आणि पोटाचे स्नायू धड सावरण्यात गुंतलेले असतात. तिथे छाती फुगवणं म्हणजे त्या वजनाविरुद्ध छाती उचलणं. म्हणून बहुतेक ड्रायव्हर वळणात श्वास धरतात आणि सरळ रस्त्यावर सोडतात, अनेकांना याची जाणीवही नसते. वेगवान वळणं एकापाठोपाठ असली की धाप लागते. हृदयाचे ठोके मिनिटाला १६०-१७० पर्यंत जातात आणि रेसभर तिथेच घुटमळतात. पळताना वाढतात तसे ते हालचालीने वाढत नाहीत. सतत आवळून धरलेले स्नायू, उष्णता आणि मनावरचा ताण हे तिन्ही मिळून ते वाढवतात.

उष्णता हे जीचं सगळ्यात वाईट जोडीदार. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या लुसैल सर्किटवर रात्रीची रेस होती, तरी हवा ३० अंशांच्या वर होती, दमट होती. टायरवर १८ फेऱ्यांची मर्यादा घातल्याने जपून चालवायचं कारण उरलं नाही, सगळे ५७ फेऱ्या जोर लावून धावले, आणि ट्रॅक म्हणजे वेगवान वळणांची माळ. एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटने मधेच गाडी थांबवली, लान्स स्ट्रोलने तर वेगवान वळणांवर शुद्ध हरपत असल्याचं सांगितलं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं, आणि एरवी सहज झेपणारा जी झेपेनासा होतो.

वर-खाली लागणाऱ्या हादऱ्यांनी काय होतं?

मणके दाबले जातात. वळणातला जी हळूहळू चढतो आणि उतरतो. हादरा काही क्षणांचा पण वारंवार. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या नियमांच्या गाड्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उसळायला लागल्या, आणि बाकूच्या रेसनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीबाहेर आला. पुढे त्याच वर्षी बेल्जियमच्या रेसपासून एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक नियामक संस्थेने या उसळीला मोजून मर्यादा घातली. आडव्या जीला ड्रायव्हर तयार होतात. मणक्यांवरच्या माऱ्याला सरावाने कुणी तयार होत नाही, हे माझं ठाम मत आहे. तिथे गाडीच बदलावी लागते.

ट्रॅकवर शेजारी बसलं की मला मळमळतं, पण स्वतः चालवताना काहीच होत नाही. असं का?

आतल्या कानात वळण ओळखणाऱ्या तीन नलिका आणि सरळ रेषेतला बदल ओळखणारे बारीक खड्यांचे दोन अवयव असतात. ते सांगतात एक, डोळे सांगतात दुसरं, आणि मेंदू गोंधळतो. चालवणाऱ्याला पुढच्या सेकंदाला काय होणार ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा मेंदू तयार असतो, मानही आधीच ताणलेली असते. शेजारच्याला प्रत्येक गोष्ट अचानक होते. उपाय एकच: खाली पाहू नका, फोन तर नाहीच, ड्रायव्हर जिथे पाहतोय तिथे, वळणाच्या पलीकडे पाहा.

अपघातात ५०-६० जी लागून माणसं जिवंत कशी राहतात?

कारण ते बल सेकंदाच्या छोट्याशा भागापुरतं असतं. २०२० मध्ये बहरीनला रोमँ ग्रोजाँचा अपघात ६७ जीचा होता, २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्स वर्स्टापेनचा ५१ जीचा. २००७ मध्ये मॉन्ट्रियलला रॉबर्ट कुबिकाने क्षणभर ७५ जी सोसले आणि त्याची फक्त एक रेस बुडाली. २००३ मध्ये टेक्सासलाच केनी ब्रॅकच्या गाडीने २१४ जी नोंदवले. तो वाचला, पण हाडं बरीच मोडली.

यामागचं गणित थांबायला मिळालेल्या अंतरात आहे. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला डेव्हिड पर्लीची गाडी ताशी १७३ किलोमीटरवरून शून्यावर आली ती अवघ्या ६६ सेंटिमीटरमध्ये. गणित मांडून पाहा, उत्तर १८० जीच्या जवळ येतं. हेच अंतर दुप्पट असतं तर जी निम्मा झाला असता. चुरगळणारं नाक, टायरच्या भिंती, २००२ पासून अंडाकृती ट्रॅकवर बसवलेल्या फोम-पोलादाच्या सेफर भिंती, हे सगळं थोडे जास्त सेंटिमीटर मिळवण्यासाठी.

मानवी सहनशक्तीबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान मात्र गाड्यांमधून आलेलं नाही. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःलाच रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतलं. ताशी एक हजार किलोमीटरच्या वेगावरून गाडी १.४ सेकंदात थांबली, ४६.२ जी लागले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासं झालं, पण दृष्टी परत आली. ते पुढे ८९ वर्षांचे होऊन गेले. पट्ट्यांनी नीट बांधलेला माणूस किती सोसू शकतो हे त्यांनी दाखवलं, आणि पुढे आयुष्यभर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये पट्टे यावेत म्हणून भांडले.

मग हान्स हे डोकं-मान सांभाळणारं साधन कशासाठी लागतं?

नेमकं नीट बांधल्यामुळेच. पट्टे धड थांबवतात, डोकं पुढे जात राहतं, आणि सगळा ताण कवटीच्या तळाशी येतो. तिथलं हाड मोडलं की बहुतेक वेळा खेळ खलास. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनामध्ये नॅस्कार या अमेरिकी मालिकेचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो याच इजेने. गंमत, किंवा दुर्दैव, असं की उपाय तोवर बरीच वर्षं तयार होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी तो १९८० च्या दशकात बनवला होता. खांद्यावर बसणारा कॉलर, त्यावरून हार्नेसचे पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटला दोन दोऱ्या. डोकं धडाबरोबरच थांबतं, इतकंच. अवजड आहे, अडचण होते, अशी कारणं देऊन बहुतेकांनी तो टाळला. अर्नहार्ट गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने असं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये.

हौशी लोकांसाठी यात एक सापळा आहे. रस्त्यावरच्या गाडीत चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस बसवून घ्यायचा, हेल्मेट घालायचं आणि हान्स मात्र नाही, हा प्रकार सर्रास दिसतो. कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा धडाला थोडं पुढे जाऊ देतो. हार्नेस देत नाही. म्हणजे हान्सशिवाय हार्नेस घातला तर मान आधीपेक्षा जास्त धोक्यात. एक तर दोन्ही घ्या, नाहीतर मूळचाच पट्टा ठेवा.

मान घरी कशी तयार करावी?

तळहात कपाळावर, मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही कानशिलांवर ठेवून डोकं न हलवता रोखायचं. आधी दहा सेकंद, मग वाढवत न्यायचं. पुढे रबरी बँड. झटके नकोत, डोकं गोल गोल फिरवणं नको. मानेइतकंच पोट, पाठ आणि खुबे महत्त्वाचे, कारण धड डगमगलं तर मानेवर दुप्पट काम पडतं. आणि मान खरी घडते ती चालवूनच; व्यावसायिक ड्रायव्हरही सुट्टीनंतरच्या पहिल्या चाचणीला मान धरून बसतात.

कार्टिंगनंतर बरगड्या का दुखतात?

कार्टला पट्टे नसतात, सस्पेन्शनही नसतं. रेसिंग कार्ट वळणात २ जीच्या वर जातं आणि सगळा भार सीटच्या कडेवर दाबल्या जाणाऱ्या बरगड्यांवर येतो. सीट मापाची घ्या आणि बरगड्यांचं संरक्षक जॅकेट घाला. दुखणाऱ्या बरगडीवर पुन्हा चालवलं की मुक्या माराचं फ्रॅक्चर व्हायला वेळ लागत नाही.

फोनवरचं ॲप माझ्या गाडीत १.६ जी दाखवतं. खरं आहे?

साध्या टायरांवर? नाही. होल्डर थरथरतो, ॲप ती थरथर मोजतं. सलग दोन-तीन सेकंद टिकलेला आकडा तेवढा धरा.

कुणी ट्रॅकवर जाऊ नये?

गरोदरपणात, मानेची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल तर, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत अजिबात नको. त्यावर दुसरा हादरा पहिल्यापेक्षा फार महागात पडतो.

दुसऱ्या दिवशी मान आखडली. काळजी करू का?

दोन्ही बाजूंना ठणका, वळताना ताण, तिसऱ्या दिवसापर्यंत उतार, हे स्नायूंचं दुखणं. शेक घ्या, मान हळूहळू हलवत राहा, मानेचा पट्टा लावून बसू नका. पण हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, नजर दुहेरी होत असेल, किंवा मानेच्या एकाच बाजूला कधी नव्हे अशी कळ येऊन तिच्याबरोबर डोकेदुखी किंवा चक्कर असेल, तर मालिश करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली तरी अशीच लक्षणं दिसतात. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि ट्रॅकवर गाडी चालवली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.